बाबेलच्या राजाचं पान

खारशेत गावाच्या मागे, खाडीकडे तोंड करून एक बुटकी टेकडी आहे. तिला राजाची टेकडी म्हणतात. वर देऊळ नाही, दर्गा नाही, झेंडा नाही. नुसतं गवत. पण गवत असं की आत माणूस बसला तर त्याची टोपीसुद्धा दिसायची नाही. या किनाऱ्यावरच्या बकऱ्या वाळत घातलेली लुंगी खातात, छत्रीचं कापड खातात, एकदा तर एका बकरीने तलाठ्याची चप्पल खाल्ली होती. पण त्या बकऱ्याही या गवताला तोंड लावत नाहीत. कुणी विळाही लावत नाही. माथ्यावर, जिथे गवत दाट व्हायला लागतं, तिथे एक सपाट काळा पाथर आहे. आषाढ-श्रावणाच्या सुमारास एका संध्याकाळी त्या पाथरावर केळीचं पान मांडलेलं दिसतं. पानावर वालाचं बिरडं, ओल्या नारळाच्या रसातलं, शेजारी भाताची मूद.

पाहुणे विचारतात, हा कुठल्या देवाचा नैवेद्य? गावातला जो कोणी बरोबर असेल तो सांगतो, देवाचा नव्हे, बाबेलच्या राजाचं पान आहे. पाहुण्यांना वाटतं, आपली फिरकी घेतली. खारशेतचे लोक फिरकी घेतात हे खरं आहे, पण या बाबतीत नाही.

त्या राजाचं मूळ नाव नबुखद्नेस्सर. ते एका दमात घेतलं तर पुढचं वाक्य बोलायला श्वास उरत नाही, म्हणून खारशेतपुरता तो बाबेलचा राजा. तसा मोठा माणूस. इतिहासात त्याच्या नावाचे शिक्के मारलेल्या विटा आहेत, शास्त्रात त्याची स्वप्नं आहेत. परदेशातल्या चिताऱ्यांनी त्याला हातापायांवर रांगताना रंगवलंय आणि गाणाऱ्यांनी त्याच्यावर अख्खी संगीत नाटकं उभी केली आहेत, म्हणे. पण त्याला दरवर्षी जेवायला बोलावणारं गाव मात्र हे एवढंच. आणि तेही कुणी, तर ज्यांचं त्याने सगळं जाळलं त्यांनीच ही रीत पाडली.

पूर्वी खारशेतमध्ये बेने इस्राएल लोकांची मोठी वस्ती होती. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, बैलालाही सुट्टी, म्हणून आजूबाजूचे त्यांना शनवार तेली म्हणत. फार फार मागे त्यांच्या पूर्वजांचं तारू या किनाऱ्यावर फुटलं, असं सांगतात. पोथ्या बुडाल्या. गोष्टी मात्र पोहून आल्या. आता पोहणाऱ्याच्या हाताला जेवढं लागेल तेवढंच तो घेऊन येणार. बाबेलच्या राजाची गोष्ट अर्धीच किनाऱ्याला लागली. ती अशी: राजाने येरुशलेमचं मंदिर जाळलं, माणसं देशोधडीला लावली. मग गच्चीवर उभा राहून आपल्या शहराकडे पाहत छाती फुगवून म्हणाला, हे सगळं मी केलं. त्याच क्षणी देवाने त्याची बुद्धी काढून घेतली आणि तो बैल होऊन गवत खायला लागला. इथे गोष्ट संपायची. त्यांना वाटायचं एवढीच आहे. ज्यांचं घर जळलं त्यांना ती पुरतही होती.

मंदिर जळाल्याचा दिवस ते दरवर्षी पाळायचे. दिवसभर कडक उपास आणि संध्याकाळी चांदण्या दिसल्या की वालाच्या बिरड्यावर उपास सोडायचा. त्याला ते बिरड्याचा सण म्हणत. खारशेतच्या लोकांनी त्यात आपली एक भर घातली होती. त्या दिवशी दुपारी एका माणसाला राजाचं सोंग द्यायचे. डोक्याला पिंपळाच्या पानांचा मुकुट, तोंडाला चुन्याचे पट्टे. मग त्याच्या गळ्यात बैलाचं दावं बांधून, राख उधळत, शिव्या देत त्याला टेकडीवर हाकलायचं. तिथे त्याने हातापायांवर होऊन गवताला तोंड लावायचं. बायका खालून गायच्या:

जळलं गं मंदिर, राहिली राख,
बाबेलच्या राजा, तू गवत चाख!

मग सगळे खाली परतायचे आणि पंगती मांडायचे. राजा वरच. पंगत उठल्यावर त्याने मागच्या पाणंदीने, कुणाला तोंड न दाखवता घरी जायचं, अशी रीत.

आता हे सोंग कोण घेणार? वस्तीत दोन तट होते, गोरे आणि काळे. कातडीशी त्याचा संबंध नव्हता. गोऱ्यांत बिब्ब्यासारखी माणसं होती आणि काळ्यांत केवड्यासारख्या गोऱ्यापान पोरीही होत्या. ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाहेरची बाई आली असं म्हटलं जायचं ते काळे. त्यांना पंगतीत जागा नसायची. प्रसादाचा मलिदा त्यांच्या ओंजळीत वरून टाकायचे. आणि राजाचं सोंग कायम त्यांच्याकडे.

ज्याच्यामुळे टेकडीला नाव पडलं तो सामाजी काळ्यांपैकी. एका घाण्याचा आणि एका म्हाताऱ्या बैलाचा मालक. आवाज असा की त्याने शेतातून बैलाला हाक मारली तर पलीकडच्या गावचे बैल वळून बघायचे. नारळ पडायचे असंही सांगतात, पण नारळाचं थोडं सोडून द्या. त्याची बायको लेयाबाई. मूलबाळ नव्हतं. अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ.

सोंगाच्या संध्याकाळी लेयाबाई चुलीवर पाणी तापवून ठेवायची. तो मागच्या दाराने आला की त्याच्या केसांतली राख धुवायची, दातांत अडकलेल्या गवताच्या काड्या काढायची.

"राणीसाहेब, आज जेवायला काय?" तो विचारायचा.

"बिरडं. राजाचं पोट गवताने भरलं असेल तर बैलाला घालते."

"बैल रागवेल. त्याच्या वाटचं तर मी वर खाऊन आलोय."

दोघं हसायची. पहिली काही वर्षं हसायची. पण गावाची हौस वाढत गेली. नुसतं दावं होतं तिथे वेसण आली, वेसणीनंतर टोचायची पराणी आली. पाहायला बाहेरगावचे लोक यायला लागले. सामाजीला आता कुणी सामाजी म्हणेनासं झालं. तेल घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा ओट्यावरून विचारायचं, राजा आहे का घरात? लेयाबाई तर त्याला अहो म्हणायची, नवऱ्याचं नाव घ्यायची रीतच नव्हती. तिच्या एवढं लक्षात आलं की दरवर्षी तो टेकडीवरून थोडा उशिरा उतरतो आणि उतरल्यावर थोडा उशिरा बोलतो.

शेवटी ती मुकादमाच्या दारात गेली. मुकादम म्हणजे अबाजी, गोऱ्यांचा प्रमुख, वस्तीचा न्यायनिवाडा करणारा. तसा वाईट माणूस नव्हता. चारचौघांसमोर मात्र चांगलं व्हायला घाबरायचा.

"मुकादम, यंदा दुसरा कुणी राजा करा."

"अगं, तुझ्या नवऱ्याइतका तो शोभतो कुणाला?"

"तुमच्या धाकट्या भावाला शोभेल. खातो तर चांगला."

अबाजीला हसू आलं, आणि हसू आल्यामुळे लाजही वाटली. तो म्हणाला, "एवढं वर्ष करू दे. मी शब्द देतो. या वेळी तो मागच्या पाणंदीने जायचा नाही. अंगणात येईल आणि त्याचं पान माझ्या शेजारी मांडेन."

लेयाबाई हे सांगत घरी आली तेव्हा सामाजी घाण्याच्या लाकडी लाटेला टेकून बसला होता. त्याने ऐकून घेतलं, उठून बैलापुढे पेंड टाकली. मग एवढंच म्हणाला, "धुतलेलं धोतर काढून ठेव."

त्या वर्षीचं सोंग म्हणजे सोंगच नव्हतं, असं म्हणतात. तो टेकडीवर असा हंबरला की राख उधळणाऱ्यांचे हात थांबले. एक बाई गाणं विसरून रडायला लागली. सगळे खाली आले, चांदण्या दिसल्या, पंगत बसली. बाहेरगावचे मानाचे पाहुणे अबाजीच्या दोन्ही बाजूंना बसले होते. तेवढ्यात सामाजी आला. डोकं धुतलेलं, अंगावर ते धोतर. शब्द दिला होता म्हणून तो सरळ मुकादमाकडे गेला आणि उभा राहिला.

बाजूच्या पाहुण्याने विचारलं, "हा तोच ना, मघाचा बैल?"

पंगत हसली. अबाजीला सरकून जागा करायची होती. पण पाहुणे बघत होते. गंमत करून वेळ मारून न्यावी असं त्याला वाटलं. पंगतीच्या टोकाला एक पान मांडून ठेवलं होतं तिकडे त्याने बोट केलं. सामाजी तिथे जाऊन बसला. आणि वाढप्याच्या आधी अबाजी स्वतः उठला, कुंपणाजवळचं मूठभर गवत उपटलं, त्याच्या पानावर ठेवलं आणि म्हणाला, "राजे, तुमचं जेवण."

अंगण दणाणून गेलं. दाराआड उभ्या असलेल्या लेयाबाईने पाहिलं, सामाजी हसला नाही. तो त्या गवताकडे पाहत राहिला. मग त्याने ते हाताने उचललं नाही. खाली वाकला, तोंडाने खाल्लं, सगळं. मग दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि तसाच, हातापायांवर, पंगतीच्या मधून अंगणाबाहेर गेला. लोक पोट धरधरून हसत होते. त्यांना वाटलं, सोंगाचा कळस झाला.

लेयाबाईचं तापवलेलं पाणी त्या संध्याकाळी गार झालं.

दुसऱ्या दिवशी तो तिला टेकडीवर सापडला. गवतात बसला होता, रवंथ करत. तिने हाक मारली, "अहो." कान हलला, मान वळली नाही. तिने उठवलं तर उठेना. बिरडं आणलं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिने मीठ न घालता आणलं, तेही नको. पावसात भिजायचा, उन्हात वाळायचा, हलायचा नाही. चार दिवस लोक बघायला आले. मग येईनासे झाले, कारण आता त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. केस वाढून पाठीवर पिसांसारखे पडले, नखं पाखराच्या नखांसारखी वळली. वैद्य झाले, अंगारे झाले, पिराचा दोरा झाला. लेयाबाई दिवसा स्वतः घाण्याच्या मागे फिरायची आणि संध्याकाळी त्या काळ्या पाथरावर जाऊन बसायची. त्याला दिवसभराचं सांगायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या घरी भांडण झालं, तेल कितपत उतरलं.

"बैल तुमची वाट बघतो," ती म्हणायची. "मी कशाला बघू? मला कामं आहेत."

आणि बसून राहायची.

मग ते बैलांचं झालं. इथे काही लोक मान हलवतात, खुशाल हलवा. एका सकाळी खारशेतच्या सगळ्या घाण्यांचे बैल बसले, एकजात टेकडीकडे तोंड करून. चुचकारलं, मारलं, शेपट्या पिरगाळल्या. उठेनात. अबाजीच्या घरचे दोन्ही बैल तर हाराने सजवले तरी बसूनच. दुसऱ्या गावाहून विकत आणलेला बैल वेशीच्या आत आला आणि तोही बसला. घाणे थांबले, गावाचे दिवे मंदावले.

त्याच सुमारास कोचीनहून एक गुरुजी आले. तिकडचे इस्राएल लोक शास्त्र शिकलेले. या अडाणी भावंडांना धर्म शिकवावा म्हणून ते गलबतातून पोथ्यांचा पेटारा घेऊन निघाले होते. खाडीच्या तोंडाशी गलबतावरून किनाऱ्याला आणणारी होडी कलंडली आणि पेटारा बुडाला. खारशेतच्या नशिबी पोथ्या तशाच यायच्या. पण गुरुजींना सगळं तोंडपाठ होतं. अंग पुसून ते अंगणात बसले आणि लोकांनी भीत भीत विचारलं, आमच्याकडे माणसाचा बैल झालाय आणि बैलांचे दगड झालेत, यावर काही आहे का?

गुरुजींनी राजाची गोष्ट सुरू केली. मंदिर जळालं, गच्ची आली, गवत आलं. लोक माना डोलावत होते, ही तर आपलीच गोष्ट. पण गुरुजी थांबले नाहीत.

"मग मुदत भरली," ते म्हणाले, "आणि राजाने डोळे वर करून आकाशाकडे पाहिलं. त्याची बुद्धी परत आली. त्याचे मंत्री आणि सरदार त्याला शोधत आले, आणि त्याला पुन्हा त्याच्या आसनावर बसवलं."

डोलणाऱ्या माना थांबल्या; गोष्टीचा हा भाग त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. काळ्यांसाठी वेगळ्या टाकलेल्या फाटक्या चटईवरून लेयाबाईने विचारलं, "गुरुजी, तो आपणहून आला, का बोलवायला गेले?"

"शोधत आले, असंच म्हटलंय."

लेयाबाई अबाजीकडे वळली. "मुकादम, सरदार तुम्ही. चला."

अबाजीचा चेहरा उतरला. "ज्याने आपलं मंदिर जाळलं त्या राजाला मी आसनावर बसवू? सणाच्या दिवशी ज्याच्या नावाने राख उधळतो, त्याला?"

"मंदिर त्याने जाळलं," लेयाबाई म्हणाली. "पानावर गवत कुणी ठेवलं?"

तरी अबाजी लगेच उठला नाही. आज पाऊस आहे, उद्या शनिवार आहे, परवा विचारून सांगतो, असं करत राहिला. माणसाला एक टेकडी चढायला किती वेळ लागावा! बैल बसलेलेच. शेवटी बिरड्याचा सण पुन्हा आला, तेव्हा कुणी राख उधळली नाही. संध्याकाळी अबाजीने आपल्या हाताने पान वाढलं, ते दोन्ही हातांवर घेतलं आणि टेकडीची वाट धरली. मागे सगळं गाव, गोरे काळे एकत्र, कुणाला वेगळं चालायचं सुचलं नाही. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, पान पुढे करा, त्याच्या पानातला पहिला घास तुम्ही खा, म्हणजे त्याला खरं वाटेल.

पाथरावर पान ठेवून अबाजीने हाक मारली, "राजे, जेवायला या."

गवतात हालचाल झाली. सामाजीने मान वर केली. पावसाळी ढग फाटून एक चांदणी दिसत होती. तिच्याकडे त्याने पाहिलं आणि लेयाबाईने पाहिलं की त्याचे डोळे माणसाचे झाले. तो हातांवर रेटा देऊन उठला. गुडघ्यांवर झाला, मग पायांवर. वर्षभर न उभं राहिलेला माणूस, हलत होता झाडासारखा. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, पानासमोर येऊन बसला आणि अबाजीकडे पाहिलं.

आता घास उचलायचा. अबाजीचा हात पानाकडे गेला. आणि बिरड्याच्या वर, बोटभर अंतरावर, थांबला.

मुद्दाम नव्हे. अबाजी नंतर मरेपर्यंत सांगत होता, मुद्दाम नव्हे. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या पानाला हात लावला नाही, त्यांच्या पानावर हात आपोआप थबकला. डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ. मग त्याने घास घेतला, तोंडात घातला, खाल्ला. पण सामाजीने तो हात पाहिला होता. त्याची मान हळूहळू खाली गेली. तो मागे सरकला. गवत त्याच्या दोन्ही बाजूंनी मिटत गेलं, पाणी मिटावं तसं.

तेव्हा लेयाबाईने, साऱ्या गावादेखत, जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं. "सामाजी!" ती ओरडली. "सामाजी, घरी चला!"

ती गवतात शिरली. गावही शिरलं. हाताने, काठ्यांनी सगळी टेकडी उलगडून पाहिली. जिथे तो वर्षभर बसत होता तिथे बसल्याची खूण होती, गवत ऊबदार होतं. माणूस नव्हता. बैलही नव्हता.

सकाळी गावातले बैल उठले आणि घाणे सुरू झाले. मात्र फेऱ्यात टेकडीकडे तोंड आलं की प्रत्येक बैल एक श्वासभर थांबायचा आणि मग पुढे जायचा. त्या थांबण्यावर कुणी चाबूक उगारला नाही. अबाजीने पंगतीत वेगळ्या जागा ठेवल्या नाहीत. मलिदा एकाच ताटातून वाटायला लागले. सोंग त्या दिवसापासून बंद झालं. लोक म्हणायचे, एक माणूस गेला पण गाव शहाणं झालं. लेयाबाई म्हणायची, गावाला माझ्या नवऱ्यापेक्षा स्वस्तातलं शहाणपण कुठे मिळालं नसतं का? आणि संध्याकाळ झाली की पाथरावर जाऊन दिवसभराचं सांगायची, गवताला. ती गेली ती तिथेच बसल्या जागी गेली, असं सांगतात.

गाण्याच्या ओळी मात्र तिनेच बदलल्या, म्हणे:

उतरलं गं ऊन, मांडलं पान,
बाबेलच्या राजा, उचल रे मान.

आता खारशेतमध्ये घाणा नाही. इस्राएल लोकही नाहीत, त्यांची घरं एकेक करून त्यांच्या देशाला गेली. शेवटचं घर अबाजीच्या वंशातलं. जाताना त्यांनी किल्ल्या कुणाकुणाला दिल्या ते आता आठवत नाही, पण बिरड्याचं पान शेजारच्या घरत कुटुंबाच्या हवाली केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरत आगरी माणसं, त्यांना बाबेल कुठे आहे ते माहीत नाही. सणाची तारीख तिकडून फोनवर कळते.

आजही त्या संध्याकाळी घरतांचा कर्ता पुरुष पान घेऊन वर जातो. पाथरावर ठेवतो आणि हाक मारतो, "राजे, जेवायला या." मग त्या पानातला पहिला घास तो खातो. हात थांबू द्यायचा नसतो. लग्न होऊन कर्ता झालेल्या मुलाला तेवढं एकच शिकवतात, घरात बसवून, पुन्हा पुन्हा. मग सगळे खाली वळतात.

घरतांची सून मात्र मागे राहते. माणसं वळणाआड गेली की ती गवताकडे तोंड करून, फार मोठ्याने नाही, परक्या पुरुषाचं नाव घेऊन म्हणते, "सामाजी, घरी चला."

थोडा वेळ थांबते. मग पदर सावरून, एकटीच, खाली उतरते.